बोळाला फुटले डोळे

शेजारच्या केवळाबाईंची बोरमाळ बोळात चोरीला गेली, त्या संध्याकाळी पुनमच्या मनात पहिला विचार आला तो केवळाबाईंचा नव्हता. ही बातमी देगलूरला कधी पोचते, हा होता. नंतर तिला याची थोडी लाज वाटली. पण लाज वाटायलाही सवड लागते, आणि बातमी तिच्या लाजेआधीच पोचली होती.

देगलूरला तिचे थोरले दीर, ईश्वरप्पा. त्यांची मुलगी रुद्राणी डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला काका-काकूंकडे राहून क्लास करत होती. ईश्वरप्पांनी तिला काही मोठ्या मनानं पाठवलं नव्हतं. पुनम लागोपाठ दोन दिवाळ्या त्यांच्या मागं लागली होती. "भाऊजी, सगळी जिम्मेदारी माझी," असं तिनं देवघरासमोर उभं राहून म्हटलं, तेव्हा कुठं पोरीची पेटी गाडीत चढली. क्लास सुटला की ऑटोवाला रुद्राणीला मोठ्या रस्त्यावर सोडायचा आणि तिथून कॉलनीत यायला एकच जवळची वाट होती. ती म्हणजे हा बोळ.

"पुनम," ईश्वरप्पा फोनवर म्हणाले, "त्याच बोळातून येती का आमची पोरगी?"

"हो भाऊजी, पण ती..."

"मग बास झालं शिक्षण. बीएस्सी देगलुरातबी होती."

पुनमनं विनवण्या केल्या. रुद्राणी शेजारी उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. शेवटी ईश्वरप्पा म्हणाले, "गणपतीतल्या लक्ष्म्या होऊ दे. मग मी सोता येऊन बोळ बघतो. पसंत पडला तर राहील पोरगी, न्हाई तर घेऊन येतो."

आजवर त्यांनी भावासाठी आणि भाच्यांसाठी पुष्कळ मुली पाहिल्या होत्या. बोळ बघायला ते पहिल्यांदाच येणार होते, आणि नापसंत पडला तर शिक्षा मुलीलाच होती.

बोळ दिसायला सुमारच होता. एका बाजूला डाळमिलच्या बंद पडलेल्या गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला कॉलनीतल्या घरांच्या पाठी. पाठीच, कारण बोळ पडला घरांच्या दक्षिणेला. कॉलनीत कोणी प्राध्यापक, कोणी इंजिनिअर, एक तर हाडांचा डॉक्टर, सगळे शिकलेले. पण दक्षिणेला खिडकी ठेवायची म्हणजे यमाला बसायला खुर्ची द्यायची, यावर या सर्व शाखांचं एकमत होतं. शेजारचे रामकिशनकाका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घराला दक्षिणेकडे एक झरोका होता. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी तो विटांनी बुजवून घेतला. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण दुखण्यात पूर्वीची दहशत राहिली नाही, असं ते सांगत. थोडक्यात, अख्ख्या कॉलनीनं बोळाकडं पाठ फिरवली होती आणि त्या पाठीवर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. चोराला आणखी काय लागतं?

पुनम समाजशास्त्रातली एम. ए. नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करताना तिनं एक परिच्छेद तोंडपाठ केला होता. गुन्हा रोखायला दर वेळी पोलीसच लागतो असं नाही. जागाच अशी घडवावी, की तिथं पाऊल टाकणाऱ्याला वाटावं, आपल्यावर कोणाची तरी नजर आहे. झुडपं काढा, उजेड आणा, भिंती ठेंगण्या करा, खिडक्या रस्त्याकडं उघडा, माणसं बसती करा. परीक्षेला हा प्रश्न आला नाही. मग लग्न आलं, सृष्टी झाली, आणि तो परिच्छेद डोक्यात तसाच पडून राहिला. आता सृष्टी पहिलीला होती. आणि ज्या आईला रोज रात्री तीनदा उठून कडी बघावी लागते, तिच्या डोक्यात असा परिच्छेद फार काळ गप्प बसत नाही.

रविवारी केवळाबाईंच्या अंगणात बैठक बसली. गेलेली बोरमाळ केवळाबाईंनी नव्यानं वर्णन करून सांगितली. दर वेळी तिच्यात एकदोन मणी वाढत होते. मग रामकिशनकाकांनी घसा साफ केला.

"गोदामाची भित अजून चार फूट वर न्यायची. वर काचा. आपल्याबी भिती वर न्यायच्या. दोन्हीकडून भिती उंच झाल्या की चोर घुसंल कुठून?"

"काका, चोर भिंतीवरून आलाच नव्हता," पुनम म्हणाली. "तो बोळाच्या तोंडातून चालत आला आणि चालतच गेला. उंच भिंतींमुळंच त्याला कोणी बघितलं नाही. आपण भिंती कमी केल्या पाहिजेत. दक्षिणेला खिडक्या काढल्या पाहिजेत."

हाडांच्या डॉक्टरांनी मोबाइल खाली ठेवला.

"मंजी," केवळाबाई सावकाश म्हणाल्या, "चोर येयलाय म्हणून आपुन भित पाडायची."

"पाडायची नाही मावशी, ठेंगणी."

"आन् खिडक्या उघडायच्या. त्येच्या सोयीनं."

"त्यापरीस आमंत्रणाच्या पत्रिका छापा," रामकिशनकाका म्हणाले, आणि सगळं अंगण खुदखुदलं. पुनमनं सृष्टीची वेणी उगाच सोडून पुन्हा घालायला घेतली. आपण एम. ए. आहोत हे अशा वेळी आठवू नये, नेमकं तेच आठवतं.

तिनं उमाशंकरकडं बघितलं. उमाशंकरचं एक बरं होतं, तो बायकोला कशालाच नाही म्हणत नसे. वाईट इतकंच, की तो कशालाच सोबतही येत नसे. तो आकाशाकडं बघावं तसं केवळाबाईंच्या पत्र्याकडं बघत होता.

महानगरपालिकेतही मग ती एकटीच गेली. खिडकीमागच्या बाबूनं नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, इथं बोळच न्हाई."

"असं कसं? आम्ही रोज त्यातूनच येतो."

"ते तुमचं तुम्ही बघा. नकाशात गोदाम आन् तुमची घरं एकमेकाला चिकटून हायत. आता नसलेल्या बोळात मी दिवा लावला, तर उद्या तपासणीला काय सांगू, कशात लावला म्हणून?"

"निदान तिथली बाभळीची झुडपं तरी तोडून द्या."

बाबूचा चेहरा गंभीर झाला. "झाडं तोडायला परवानगी लागती. वृक्ष विभाग. तिसरा मजला."

म्हणजे बोळ नव्हता, पण त्यातली झाडं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी जागा पाहिल्याशिवाय परवानगी देता येत नाही असं सांगितलं आणि जागा नकाशात नसल्यामुळं पाहायला येता येत नाही, हेही प्रेमानं सांगितलं. पुनम जिना उतरली तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं, की चोरच या सगळ्यांत सरळ माणूस होता. त्याला बोळ दिसला होता.

मग तिनं स्वतःच कंबर कसली. दोन बायका लावून बाभळी काढल्या. बाभळी गेल्या आणि त्यांच्या पोटात इतकी वर्षं काय काय दडलं होतं ते उघडं पडलं: फुटकी कमोडं, गाद्या, एका पुढाऱ्याचे अभिनंदनाचे फ्लेक्स. ते उचलायला ट्रॉली बोलावली. बोळ स्वच्छ झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या कॉलनीतले लोक कचरा घेऊन आले, कारण आता तिथपर्यंत काटा न रुतता जाता येत होतं. पुनम त्यांना आडवी गेली. "ताई, एवढी मोकळी जागा हाय, तुमचं काय जायलंय?" असं एक गृहस्थ अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले.

तिनं सौरदिवा आणून केवळाबाईंच्या भिंतीवर ठोकला. उजेड पडला, म्हणून त्या उजेडात मोटारसायकली लावून टगी पोरं बसायला लागली. आधी रुद्राणी अंधारात पळत यायची. आता उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी, मान खाली घालून यायची. परिच्छेदात याबद्दल काही नव्हतं.

रामकिशनकाकांनी त्यावर आपला उपाय काढला. एका सकाळी भिंतीवर ओळीनं देवादिकांच्या फरश्या बसलेल्या दिसल्या. कोणत्याच धर्माची गैरसोय नको म्हणून त्यांनी सगळ्यांना जागा दिली होती. भिंतीशी उभं राहणाऱ्यांची सवय त्यानं सुटली, हे मान्य करावं लागेल. टगी पोरंही संकोचून पांगली. पण आठवड्याभरात बायकांनी तिथं उदबत्त्या लावायला सुरुवात केली. मग देवासमोरून पायताण घालून कसं जायचं, म्हणून चपला बोळाच्या तोंडाशी काढून लोक अनवाणी जायला लागले. आणि एका गुरुवारी त्या चपला चोरीला गेल्या. हाडांच्या डॉक्टरांच्या सँडल त्यात होत्या. अशा रीतीनं पुनमच्या योजनेमुळं बोळात गुन्हा एकानं वाढला.

"तुला सांगू का पुनम," डॉक्टर अनवाणी उभे राहून म्हणाले, "तुझा हेतू चांगला आहे." ज्याचं सगळं फसलंय त्याला लोक हे वाक्य देतात.

तिला वाट सुचली ती पाणी आलं त्या दिवशी. लातूरच्या नळाला पाणी येतं तेव्हा सणच असतो. त्या दिवशी कॉलनीतल्या एकाही माणसाचं घरात लक्ष नसतं. बोळातल्या तोटीला दाब जास्त, म्हणून झाडून सगळ्या बायका घागरी, पिंप, पाइप घेऊन तिथं. भांडणं, हसणं, पोरांचा गोंगाट. रुद्राणी त्या दिवशी क्लासवरून रमतगमत आली, वाटेत कोणाची तरी घागर उचलून दिली. पुनम बोळाच्या तोंडाशी सृष्टीला कडेवर घेऊन बघत राहिली. माणसं. बोळाला फक्त माणसं हवी होती. पाणी जाईल, पण माणसं बसून राहिली पाहिजेत.

तिनं गवंडी बोलावून बोळात शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा बांधून घेतला. पाठ टेकायला सोय केली. नकाशात नसलेल्या जागेत बांधायला परवानगी कोण मागणार?

पहिल्या दिवशी ओट्यावर कुत्रं बसलं. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला उठवून केवळाबाई बसल्या. त्या मेथी निवडायला बसल्या ते दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत. मग त्यांच्या जोडीला इतर आल्या. मग बायका काय बोलतात ते ऐकायला रामकिशनकाका वर्तमानपत्र घेऊन आले. बसल्या जागी सगळं दिसतं हे कळल्यावर स्वयंपाक करतानाही दिसावं असं वाटायला लागलं, आणि एक दिवस केवळाबाईंनीच दक्षिणेची भिंत फोडून खिडकी काढली.

"यमाचं काय मावशी?" पुनमनं विचारलं.

"येऊ दे की. लांबून दिसंल तरी."

महिन्याभरात पाच घरांना पाच खिडक्या झाल्या. कॉलनी आता पुढच्या दाराकडं फिरकेनाशी झाली. सगळं जगणं मागं सरकलं. पुनमला रात्री कडी बघायला एकदाच उठावं लागायला लागलं. परिच्छेद शब्द न् शब्द खरा ठरला होता.

लक्ष्म्या झाल्या आणि ईश्वरप्पा आले. पांढरे कपडे, खांद्यावर टॉवेल. बोळाच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी जनावराचे दात बघावेत तसा बोळ बघितला. केवळाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. रामकिशनकाका सरसावले.

"पाव्हणं, फिकीर करू नका. तुमची पोरगी बोळात शिरली की पाच खिडक्यांतून दिसती. किती वाजता आली, कुणाच्या ऑटोतून उतरली, समदं तोंडपाठ हाय."

"असं?" ईश्वरप्पांचा चेहरा खुलला. "मंग तुमचा नंबर द्या की."

दोघांनी नंबरांची देवाणघेवाण केली. "पुनम," जाताना ईश्वरप्पा म्हणाले, "मानलं तुला. शिकलेल्या बाईचं काम हाय." रुद्राणीनं त्या रात्री काकूच्या गळ्यात हात टाकले. पुनमला आपण परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. तो नंबर दिला-घेतला जाताना ती चहाचे कप गोळा करत होती, आणि इतकी सावध बाई, तिला त्यात काहीच खटकलं नाही.

चोर काही पुन्हा आला नाही. पण माणसं रोज बघायला बसली की त्यांना रोज काहीतरी दिसावं लागतं.

"आज उशीर केलास गं, रुद्राणी."

"ऑटो मिळाला नाही, आजी."

"काल तर मिळालता."

दुसऱ्या दिवशी, "ओढणी कुठंय?" तिसऱ्या दिवशी, "फोनवर कुणासंगं हसायलीस?" पुनमचीही सुटका नव्हती. दुपारी गॅसवाला जरा वेळ थांबला, तर संध्याकाळी रामकिशनकाकांनी उमाशंकरला सहज विचारलं, "शेगडी बिघडली व्हती का?" उमाशंकरनं नेहमीप्रमाणं नाही म्हटलं नाही. घरी येऊन मात्र त्यानं शेगडी पेटवून बघितली.

"काकू," रुद्राणी एकदा पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "अंधार होता तेव्हा मी पळत यायचे. आता पळताबी येत नाही. पळाले तर विचारतात, कामून पळायलीस."

पुनम म्हणाली, "होतं गं तसं. तुझ्या भल्यासाठीच बघतात." हे वाक्य आपण कुठून उचललं, याचा विचार करत ती बराच वेळ भाजी ढवळत राहिली.

आणि मग तो मुलगा आला. क्लासमधला, आनंदराज नावाचा, कंधारचा. त्या दिवशीच्या चाचणीत दोघांचं भौतिकशास्त्राचं एकच गणित चुकलं होतं. वाद घालत घालत दोघं बोळापर्यंत आली आणि उजेड फक्त पुनमच्या दिव्याखाली, म्हणून त्या दिव्याखाली उभी राहून वहीत रेघा मारायला लागली. लपायचं असतं तर शहरात अंधाराला तोटा नव्हता. पण त्यांना गणित दिसायला हवं होतं. मुलगा वळणाचा होता, त्यानं ओट्याला नमस्कार केला. तीच त्याची चूक झाली.

"कुठला रं तू?" केवळाबाईंनी मेथीची काडी हातात धरून विचारलं.

"कंधारचा, आजी."

"आडनाव?"

त्यानं सांगितलं. ओट्यावरची मेथी निवडायची थांबली. "चांगलंय," केवळाबाई म्हणाल्या, आणि ते 'चांगलंय' ऐकून मुलगा वही मिटून निघून गेला. रुद्राणी घरात येऊन चप्पल काढेपर्यंत देगलूरचा फोन वाजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा गाडी घेऊन आले. पुनमनं चहा ठेवला नाही. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, गणित सोडवत होती ती. सगळ्यांसमोर. तुम्हीच म्हणालात बोळ चांगला आहे."

"बोळ चांगलाच हाय," ईश्वरप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपकाराची भावना होती. "तू असा केला नसतास, तर मला कळलं असतं का?"

"परीक्षा तोंडावर आहे. माझ्याकडं बघून तरी..."

"तुझ्याकडं बघूनच ठेवलती."

उमाशंकर आतल्या खोलीत रुद्राणीची पुस्तकं पेटीत भरत होता. दादाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रुद्राणी रडली नाही. तिनं फळीवरची चाचणीची वही तेवढी काढून सृष्टीला दिली आणि म्हणाली, "चित्रं काढ यात."

गाडी मोठ्या रस्त्यावर उभी होती. म्हणजे बोळातूनच जावं लागलं. पुढं ईश्वरप्पा, मागं पेटी घेतलेला उमाशंकर, मध्ये रुद्राणी. बातमी आधीच फिरली होती; ओट्यावर बसायला जागा नव्हती, पाची खिडक्यांत माणसं होती. कॉलनीतलं एक घर असं नव्हतं की ज्याच्या पुढच्या दाराशी कोणी असेल. केवळाबाई उठल्या, पोरीच्या कपाळाला त्यांनी विभूती लावली, डोळे पुसले. "येत जा गं माय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, हेच जास्त वाईट होतं. ती मोठ्या रस्त्याला लागून गाडीत बसेपर्यंत सगळे बघत राहिले, आणि ती गेल्यावर तिच्याबद्दल बोलत राहिले.

तेवढ्या वेळात पुढच्या रस्त्यानं कोणीतरी आलं. रामकिशनकाकांचं उत्तरेचं दार सताड उघडं होतं. त्यानं आत जाऊन कपाटातले सुनेचे सगळे दागिने नेले, आणि जाताना दार नीट लोटून घेतलं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यातून जमादार आला. ओट्यावर बसला.

"कुणी काय बघितलं का?"

बघितलं होतं सगळ्यांनीच. इतका चांगला पंचनामा त्याला आयुष्यात मिळाला नसेल. हिरवा ड्रेस होता. पिवळी ओढणी, एका बाजूला ओघळलेली. डाव्या हातात पिशवी. तोंड सुजलेलं होतं, पण रडली नव्हती. वळणावर एकदा मागं बघितलं. नाही, दोनदा. दुसऱ्यांदा पुनमच्या घराकडं. जमादार भराभर लिहीत होता. मग त्याचा पेन थांबला.

"मंजी तुमचा संशय त्या पोरीवर हाय?"

"छे छे," रामकिशनकाका म्हणाले. "चांगल्या घरची लेक हाय ती. आमच्या पोरीसारखी."

"मग चोर कसा होता?"

रामकिशनकाका वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

"बरं, ती पोरगी कुठंय आता?"

"देगलूरला. बापानं नेली."

"कामून? काय केलतं तिनं?"

केवळाबाईंनी मेथीची जुडी पुढं ओढली. डॉक्टरांनी मोबाइल काढला. पुनम सृष्टीचा हात धरून खिडकीखाली उभी होती. जमादारानं तिच्याकडं बघितलं, तसं मग सगळ्यांनीच बघितलं.

"दिसली," पुनम म्हणाली. "लिहा. दिसली."